काठावरून उतरण्याच्या जागा

कोल्हापूर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. रशिदा हिस आशीर्वाद.

डिसेंबरात देवगडला दवाखान्याच्या दारात तू उभी होतीस. मी तुझ्याशी बोलले नाही. त्या दिवशी मी कुणाशीच बोलले नाही, तेव्हा मनावर घेऊ नकोस.

फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि मला ते ऐकत उभं राहावं लागेल. पत्र लिही. गारगोटीच्या शाळेत तुझं अक्षर चांगलं होतं, अजून असेल.

कामाचं लिहिते. अनुजाची एक वही सापडली. होडी न करता, काठावरूनच चालत उतरून, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात नळी घेऊन समुद्राखालचं पाहता येईल अशा जागांची ती वही आहे. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत चौदा जागा. त्यातल्या तेरा तिनं दिवाळीच्या सुट्टीत एका ग्रुपबरोबर सहा दिवसांत पाहिल्या. चौदावी तुमच्या खडपवाडीची. नमुन्याला पाचवं पान उतरवते:

"जागा ५. देवळामागची वाट. सकाळी साडेनऊ. वाळूचा उतार, पाय सोलत नाहीत. तीस पावलांवर डावीकडे खडक, तिथून तोंड पाण्यात. काळे-पिवळे पट्टेवाले मासे. एक समुद्रकाकडी, जाड अळीसारखी (आईला दाखवायला हवी, ओरडेल). दक्षिणेचा वारा सुटला की गढूळ. दहापैकी सहा."

दहापैकी गुण द्यायची खोड माझी. तिनं उचलली.

चौदावं पान असं: "रशिदाताईंच्या घरामागची बाव. ८ डिसेंबर, रविवार. अकरा वाजता. कमरेभर पाणी, तळ स्वच्छ. मास्क आणला नव्हता! पुढच्या रविवारी परत, मग लिहिते. दहापैकी" आणि पुढे कोरं.

पुढच्या रविवारी, १५ तारखेला, ती परत आली. पुढचं आपल्या दोघींना माहीत आहे.

तिचा मित्र सम्राट ही वही छापून ग्रुपला वाटायची म्हणतो. अपूर्ण वही मी हातातून सोडत नाही. तेव्हा मला लिही: बाव म्हणजे नेमकं काय, उतरायचं कुठून, खाली काय दिसतं, धोका कुठे.

आणि दुसरी गोष्ट. गेल्या जुलैत तिच्या घटस्फोटाचा निकाल लागला होता. दहाव्याला माझ्या जावेनं सगळ्यांसमोर विचारलं, "पवणारी पोरगी बुडती कशी गं?" मी तिला चहा दिला. पण प्रश्न बरोबर आहे. अनुजा सहाव्या वर्षी पाठीला डबा बांधून माझ्या माहेरच्या विहिरीत पोहायला शिकली. सातव्या वर्षी डबा सोडला. ती बुडाली की तिनं स्वतःला बुडू दिलं, एवढंच मला कळायला हवं. उत्तर कुठलंही चालेल. उत्तर हवं.

तुझी बाई,
संयोगिता इंगवले

---

खडपवाडी, ता. देवगड
११ मार्च २०२५

आदरणीय बाईंना रशिदाचा सलाम.

तुमचं पत्र हातात आलं आणि नववीत वर्गाबाहेर उभं केल्यासारखं झालं. रोजे चालू आहेत, अक्षर वाईट आलं तर पोटात घाला.

बाव म्हणजे इकडे विहीर. ही काही खरी विहीर नव्हे. आमच्या घराच्या मागून बेचाळीस पायऱ्या खाली गेलं की काळा कातळ लागतो. त्या कातळाच्या मधोमध गोल खळगा आहे, आपल्याकडच्या मळ्यातल्या विहिरीएवढा. तिन्ही बाजूंनी खडकाची भिंत, समुद्राच्या अंगाला एक फट. सुकती असली, म्हणजे ओहोटीचं पाणी खाली गेलं, की आत हिरवं काचेसारखं पाणी राहतं. लहान निळे मासे, समुद्रफुलं, खेकडे. खडकाला लाल-जांभळी बुरशी धरल्यासारखं काहीतरी असतं, अनुजा त्याला प्रवाळ म्हणाली.

आठ तारखेला ती पहिल्यांदा आली. तुम्ही पत्ता दिला म्हणाली. मी तिला खाली नेलं. ती तशीच, कपड्यांसकट उतरली की हो. कमरेभर पाण्यात उभी राहून वर ओरडली, "ताई, नाद खुळा पाणी हाय! आमच्या आज्जीच्या विहिरीत मासं सोडल्यागत!" मी म्हटलं, हळू बोल, लोक म्हणतील घाटावरनं कोण आलंय. मग वर येऊन तीन घावणे खाल्ले. तुमची नक्कल करून दाखवली. चष्मा नाकावर ओढून म्हणाली, "अनुजा, पाण्यात तोंड घालून कुणाचं पोट भरलंय का?" आम्ही खूप हसलो. रागावू नका.

पंधरा तारखेला मी घरी नव्हते. आमचे शहजाद होडीवर, मी बाजारात. एक वाजता आले तर पडवीत तिची पिशवी. टॉवेल, कपडे, कांदा-लसूण चटणीचा डबा. ते सगळं पोलिसांनी तुम्हाला दिलं. ती कधी आली, कधी उतरली, मी पाहिलं नाही. पाणी वाढलं होतं. दर्याचं कुणाला सांगता येतं, बाई. अल्लाची मर्जी.

तिच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. चौदावं पान मात्र फाडून टाका. तेरा जागा पुष्कळ झाल्या.

तुमची विद्यार्थिनी,
रशिदा

---

कोल्हापूर,
२५ मार्च २०२५

चि. रशिदा,

बावीचं वर्णन चांगलं लिहिलंस. ते मी पानावर उतरवलं. पान फाडणार नाही. वहीतलं पान फाडलं की शिवणीतून समोरचंही सुटतं, हे मी तुम्हाला पाचवीपासून सांगत आले.

बाकी उत्तर तू टाळलंस. "मला वाटत नाही" हे उत्तर नव्हे. मी जे धरून बसले आहे ते मांडते, चूक असेल तिथे खूण कर.

आठ तारखेला, रविवारी, अकरा वाजता पाणी कमरेभर. पंधरा तारखेला, रविवारी, पंचनाम्यात लिहिलंय की अकराच्या सुमारास वरच्या वाटेवरून गुरं नेणाऱ्या माणसानं तिला पायऱ्या उतरताना पाहिलं. तोच वार, तीच वेळ, तीच जागा. तिन्ही बाजूंनी भिंत. कमरेभर पाण्यात पोहता येणारं माणूस बुडत नाही. पाय टेकवून उभं राहतं. उभं राहायचंच नसेल तर गोष्ट वेगळी.

चटणीचा डबा माझ्याकडे आला. मी दिला नव्हता. तिनं स्वतः मिरच्या आणून, डंकावर कुटून करून आणली. तिनं जन्मात कधी चटणी केली नव्हती. जायच्या आधी माणूस लोकांना काहीबाही देत सुटतं, असंही ऐकून आहे.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. शनिवारी, दत्तजयंतीला, ती पिशवी भरत होती. मी म्हटलं, नोकरी सांभाळ, हे कसले खेळ. ती म्हणाली, उद्या एकच दिवस जाते. मी म्हटलं, "जा. तुझ्या जाण्यानं इथं कुणाचं काही अडत नाही."

ती हसली. "बरं," म्हणाली.

हे माझं शेवटचं वाक्य. मी रोज सकाळी सहाला उठते, देवपूजा करते, भाजी आणते, शिकवणीच्या मुली येतात. झोप लागते. जेवण जातं. रडू येत नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या घेतल्या नाहीत, कारण मला काही होतच नाही. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात तसं आहे. दात काढला की नाही, एवढंच कळायचं राहिलंय.

तेव्हा स्पष्ट लिही.

बाई

---

कोल्हापूर,
१२ जून २०२५

रशिदा,

अडीच महिने झाले. पावसाळ्यात तुमचा समुद्र बंद असतो, टपाल बंद नसतं.

सं. इंगवले

---

खडपवाडी,
१० ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,

काल नारळी पुनव झाली. आजपासून सगळ्यांच्या होड्या पाण्यात. शहजाद पहाटे जायच्या आधी मला म्हणाले, "त्या माऊलीला वाटतंय पोरीनं जीव दिला. आणि तू गप बसून कुणाला वाचवतेस? स्वतःलाच ना?" मी चार वेळा पत्र लिहून फाडलंय. आज फाडणार नाही.

तुम्ही खूण करायला सांगितली होती. तुमची चूक एका ठिकाणी आहे. तोच वार, तीच वेळ, इथवर बरोबर. पाणी तेच नव्हतं.

आपण घाटावरची माणसं वारावर जगतो. गारगोटीचा बाजार वारावर, शाळा वारावर, अब्बा गणवेश शिवून द्यायचे तेही "पुढच्या बुधवारी या" म्हणून. दर्या वार ओळखत नाही, तो तिथी ओळखतो. सुकतीची वेळ रोज पाऊण तासानं पुढं सरकते. अष्टमीला आमच्याकडे अकराला सुकती. आठ दिवसांनी, पुनवेला किंवा अवसेला, त्याच अकराला भरलेलं उधाण. आठ डिसेंबरला अष्टमी होती. पंधराला पुनव.

उधाणाला बावीची भिंत पाण्याखाली जाते. पण पायऱ्यांवरून पाहिलं तर आत शांत दिसतं, हे वाईट आहे. कमरेभर काय, दोन पुरुष पाणी असतं. आणि पाणी उतरायला लागलं की सगळं त्या एका फटीतून बाहेर ओढलं जातं. तिथं पोहणं चालत नाही. आमचे लोकसुद्धा त्या वेळी पाय घालत नाहीत.

दिवाळीत तिच्या ग्रुपबरोबर इथलाच माणूस होता, तो सांगेल तेव्हा उतरायचं. त्यामुळं वेळ कशी ठरते हे तिला कधी बघावंच लागलं नाही.

आता खरं. आठ तारखेला जाताना तिनं विचारलं, "ताई, पुढच्या रविवारी मास्क घेऊन येते. कितीला उतरू?" मी भांडी घासत होते. मान वर न करता म्हटलं, "अकराला उतर की. कमरेभर असतं."

बाई, मी एवढंच म्हटलं.

मला कळायला हवं होतं. लग्न होऊन आले त्या वर्षी एका शुक्रवारी सासूबरोबर खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले, काढायला गेले होते. पुढच्या शुक्रवारी त्याच वेळी एकटीच कोयती घेऊन निघाले. लाट छातीला लागली तेव्हा सासूनं वेणीला धरून ओढलं. म्हणाली, "अगो घाटावरचे, दर्याच्या हातात घड्याळ आसा काय गो?" सगळी वाडी महिनाभर हसत होती. त्याला सव्वीस वर्षं झाली. आता तिथी माझ्या अंगात इतकी भिनली आहे की दुसऱ्याला ती सांगावी लागते हेच मी विसरले. माझ्याच गावाकडची पोर, तिनं विचारलं आणि मी घड्याळाची वेळ सांगितली.

अजून एक आहे. पडवीत पिशवीवर एक चिठ्ठी होती. ती मी पोलिसांना दिली नाही, शहजादनासुद्धा दोन महिने दाखवली नाही. कुराणाच्या कपाटात ठेवली होती. या पाकिटात घातली आहे. तीत माझं नाव आहे आणि वेळ आहे, म्हणून लपवली. तुम्ही मार्चमध्ये शेवटच्या वाक्याचं लिहिलंत, तेव्हाच पाठवायला हवी होती. तुमचं पत्र वाचून मी तीन दिवस जेवले नाही, पण चिठ्ठी पाठवली नाही. असं माणूस आहे मी.

तुम्ही पोलिसांना सांगायचं असेल तर सांगा. मी कुठं जात नाही.

रशिदा

(चिठ्ठी)
ताई, कुठं गेलाय? घर उघडं हाय, मांजर राखण बसलंय. तुम्ही सांगितल्यासारखं अकराला उतरते. चटणी मी स्वतः केलीय, आधी चाखा आणि मग खोटं बोला. पोहून आले की लई भूक लागणार, एक भाकरी जादा टाका. चार वाजताची गाडी पकडायची आहे, नाहीतर आई दहापैकी शून्य देईल. – अनुजा

---

कोल्हापूर,
२१ ऑगस्ट २०२५

रशिदा,

पत्र मिळालं. चिठ्ठी मिळाली. अक्षर तिचंच. "राखण" मधला ण ती कायम असाच काढते.

पोलिसांना काही सांगायचं नाही. त्यांचा कागद बंद झाला. जावेला मात्र घरी बोलावून चिठ्ठी वाचायला दिली. तिनं वाचली, पदर तोंडाला लावला आणि "व्हय गं बाई" म्हणाली. यावेळी चहा दिला नाही.

चार वाजताची गाडी पकडणार होती. हे मी दिवसातून तीन-चारदा वाचते. मोकळं वाटेल असा माझा अंदाज होता. तसं काही झालं नाही. भाजी आणली, शिकवणी घेतली. पण आता काय झालं ते माहीत आहे. न कळण्यापेक्षा हे बरं.

तुझ्याबद्दल. अकरा म्हणालीस, ती चूक. चूक माणसाकडून होते. चिठ्ठी आठ महिने दाबून ठेवलीस, ती चूक नव्हे. ती तू ठरवून केलीस. मी पाच महिने वाट पाहिली, आणि त्यातली प्रत्येक रात्र मी त्या एका वाक्याबरोबर काढली. हे मी विसरणार नाही, आणि विसरले असं तुला खोटंही लिहिणार नाही. माफीचं आत्ता विचारू नकोस. माझ्याकडे सध्या तसलं काही शिल्लक नाही, द्यायला किंवा नाकारायला.

माझं स्वतःचंही लिहिते. मी बी.एस्सी. झालेली बाई. नववीला एकोणतीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली. फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायचा, बाण काढायचे. चार गुणांचा प्रश्न. "वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते" याला एक गुण, आणि तो गुण वर्गातली बहुतेक मुलं घालवायची. तूही घालवला असशील. मार्चमध्ये तुला "तोच वार, तीच वेळ" असं ठणकावून लिहिताना मला ते एकदाही आठवलं नाही. पोटच्या मुलीलाही ते मी शिकवलं होतं, माझ्याच वर्गात. तिनं पाठ केलं असेल. पाठ केलेलं पाण्यात उतरत नाही. आमच्या विहिरीला वेळ नव्हती. कधीही जा, पाणी तिथंच.

आता काम. वहीत चौदाही पानांवर वेळ लिहिली आहे आणि तिथी कुठेच नाही. अशी वही छापली तर अजून कुणाची तरी पोर अकराला उतरेल. सम्राटला थांबवलंय. सोबत तेरा जागांची यादी पाठवते. प्रत्येक जागेची तिथी काय, उधाणाला तिथं काय होतं, हे तिथल्या माणसाला विचारून लिहायचं. ऐकीव नको. शहजादरावांच्या ओळखी आहेत. हे तुला करावं लागेल.

चौदावी जागा मी स्वतः भरेन. १२ डिसेंबरला अष्टमी आहे, कालनिर्णयात पाहिलं. मी येते.

संयोगिता इंगवले

---

खडपवाडी,
१८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाई,

तेरा जागांचे तेरा कागद सोबत आहेत. दोन महिने लागले. नऊ ठिकाणी मी स्वतः गेले, चार ठिकाणी शहजाद. सातव्या जागेबद्दल दोघा म्हाताऱ्यांची भांडणं लागली, म्हणून ती अवसेला मी डोळ्यांनी बघून आले. अकराव्या जागेला उधाणात परतीची वाळूच राहत नाही, तिथं लाल शाईनं लिहिलंय. एका ठिकाणी एकानं विचारलं, "कुणासाठी एवढं लिहून घेतेस?" मी म्हटलं, आमच्या बाईंनी गृहपाठ दिलाय.

तुम्ही येताय याचा आनंद झाला असं लिहायची माझी हिंमत नाही. तुमचं वय सदुसष्ट. पायऱ्यांना शेवाळ असतं, मी खरवडून ठेवते. पायात रबरी चप्पल हवी, पट्ट्याची. बारा तारखेला अकरा-साडेअकराला सुकती आहे, अष्टमीचं पाणी शांत असतं. शहजाद त्या दिवशी होडी काढणार नाहीत, फटीपाशी दोरी घेऊन बसतील. ते म्हणतात, बाईंना सांग, छडी घाटावरच ठेवा.

मास्क आहे का तुमच्याकडे? नसेल तर देवगडहून आणते.

रशिदा

---

कोल्हापूर,
१४ डिसेंबर २०२५

चि. रशिदा हिस आशीर्वाद.

काल दुपारी पोहोचले. गगनबावड्यापासून गाडीत गर्दी होती. गुडघ्याला खरचटलं होतं ते बरं आहे.

खाली असताना आपण फारसं बोललो नाही, म्हणून लिहिते. मास्क अनुजाचा होता. त्या दिवशी तिनं नेलेला नवा पोलिसांनी दिलेल्या सामानात नव्हता. हा दिवाळीतला जुना, काचेला चरा पडलेला, तिच्या कपाटात होता. बरोबर बसला. चेहरा माझ्यावरच गेला होता तिचा.

तू विचारलंस, "बाई, काय वाटलं?" त्याचं हे उत्तर. मी तोंड पाण्यात घातलं. मासे होते. ते माझ्या बोटांपर्यंत येऊन परत जात होते. माझा श्वास नळीतून मला ऐकू येत होता, एवढाच आवाज. वर तुम्ही दोघं होतात हे मी विसरले. ती हे बघायला आली होती, हे मला कळलं. तिनं ते बघितलं की नाही, हे कळायचा मार्ग नाही. मग पाणी गार लागायला लागलं. गेल्या वर्षभरात मला गार-गरम काही लागलेलं नव्हतं, म्हणून नोंदवते.

चौदावं पान काल रात्री पुरं केलं. वही उद्या सम्राटला देते. तुझ्या माहितीसाठी उतरवते:

"जागा १४. खडपवाडी, रशिदाच्या घरामागची बाव. बेचाळीस पायऱ्या, शेवटच्या सहा निसरड्या. फक्त अष्टमी-नवमीला, सकाळी अकराच्या आसपास. वार पाहू नये, तिथी पाहावी. पुनव-अवसेला याच वेळी दोन पुरुष पाणी आणि फटीतून ओढ. वरून शांत दिसतं, विश्वास ठेवू नये. निळे मासे, समुद्रफुलं, तळाला जांभळं प्रवाळ. एकट्यानं उतरू नये. आधी वरच्या घरात सांगावं; घरी कुणी नसेल तर पडवीत बसून राहावं. दहापैकी आठ."

आठ मी फार कमी जणांना दिलेत.

एक राहिलं. वर आल्यावर तू ताट वाढलंस. आपण तिघं आणि भाकऱ्या सात. दोघांना दोन-दोन, मला दोन, आणि एक टोपलीत फडक्याखाली. ती जादा भाकरी कुणाची ते मला कळलं. तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हा मी ती, बरोबर आणलेल्या अनुजाच्या डब्यातल्या चटणीबरोबर खाल्ली. चटणी वर्षभराची झाली, तरी टिकली आहे. मीठ जरा जास्त आहे.

पुढच्या वेळी येईन तेव्हा तिथी बघून येईन. तेव्हाही एक जादा टाक.

तुझी बाई,
संयोगिता इंगवले